विश्लेषण : स्काऊटचा गणवेश आला, पथक कुठे आहे? शंभर वर्षांहून जुनी ही चळवळ मुलांना नेमके काय शिकवते?

डिजिटल डेस्क | इंझोरी (ता. मानोरा, जि. वाशिम)

सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात जे दोन मोफत गणवेश द्यायचे ठरले, त्यातला एक स्काऊट-गाइडचा होता. मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावांपासून मुंबईपर्यंत त्याची चर्चा झाली. मात्र ती कापड, शिलाई, माप आणि उशीर यांच्यापुरतीच राहिली. हा गणवेश ज्या चळवळीचा आहे, ती काय आहे, तिची मूल्ये कोणती आणि डाव्या हाताने हस्तांदोलन करण्यासारख्या तिच्या परंपरांमागे काय विचार आहे, हे प्रश्न मागेच राहिले. मुलांचे चारित्र्य घडवणे हा या चळवळीचा जाहीर हेतू आहे. तो खरेच साधतो का आणि कशाने साधतो, याचा हा आढावा.

गणवेशाचा मुद्दा नेमका काय होता?

राज्य शासनाने २०२४-२५ पासून गणवेशाचे कापड केंद्रीय पद्धतीने खरेदी करण्याचा निर्णय घेतला. दोन गणवेशांपैकी एक नेहमीचा आणि दुसरा स्काऊट-गाइडचा असे ठरले. शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी गणवेश मिळाला नाही, मिळाला तो अंगाला बसला नाही, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने ही पद्धत मागे घेतली आणि पुढील वर्षापासून गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवली.

या घडामोडीत एक गोष्ट उलटी झाली. स्काऊटमध्ये गणवेश आधी मिळत नाही. मुलाने आधी पथकात यायचे, काही आठवडे काम करायचे, नियम समजून घ्यायचे, वचन घ्यायचे आणि मग दीक्षाविधीत त्याच्या गळ्यात स्कार्फ घालायचा, असा क्रम आहे. म्हणजे गणवेश ही कमावण्याची गोष्ट आहे. सरसकट वाटप झाल्यावर तो शाळेचा आणखी एक सदरा होतो. गरीब घरातल्या मुलाला एक जास्तीचा कपडा मिळाला, हे चांगलेच झाले. पण त्याला स्काऊट म्हणायचे तर त्यामागे पथक हवे.

चळवळ सुरू कशी झाली?

स्काऊट म्हणजे सैन्याच्या पुढे जाऊन टेहळणी करणारा. ब्रिटिश सैन्यातील अधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल हे दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात माफेकिंग या गावाच्या बचावामुळे प्रसिद्धीस आले. १८९९-१९०० मध्ये २१७ दिवस चाललेल्या त्या वेढ्यात गावातील किशोरवयीन मुलांनी निरोप पोहोचवणे, पहाऱ्याला मदत करणे अशी कामे केली. जबाबदारी दिली की मुले ती पेलतात, हा धडा बेडन-पॉवेल यांनी त्यातून घेतला.

ऑगस्ट १९०७ मध्ये त्यांनी इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांचे शिबिर घेतले. काही मुले श्रीमंतांच्या नामांकित शाळांतली होती, काही कामगारांच्या घरची. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही दोन प्रकारची मुले एका तंबूत झोपणे हाच मोठा प्रयोग होता. मुलांचे छोटे गट केले आणि प्रत्येक गटाचा नायक मुलांपैकीच एक ठेवला. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये त्यांचे 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक आले आणि ते वाचून मुलांनी आपापली पथके काढायला सुरुवात केली. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मेळाव्यात मुलीही पथक करून हजर झाल्या. त्यांच्यासाठी १९१० मध्ये गाइड ही स्वतंत्र संघटना झाली. आज ही चळवळ १७० हून अधिक देशांत आहे.

विदर्भाशी तिचा काय संबंध?

बराच आहे आणि तो फारसा कोणाला माहीत नाही.

पहिला धागा गोष्टीचा. स्काऊटमधील लहान मुलांच्या गटाला कब म्हणजे लांडग्याचे पिल्लू म्हणतात. त्यांच्या शिक्षकाला 'अकेला' म्हणायची पद्धत आहे. हे सगळे रुडयार्ड किपलिंग यांच्या १८९४ मधील 'जंगल बुक'मधून आले. त्यातले मोगलीचे जंगल म्हणजे सिवनीचा परिसर. तो आज मध्य प्रदेशात असला तरी नागपूरच्या उत्तरेला लागून आहे. जगभरची लहान मुले ज्या लांडग्यांच्या नावाने जमतात, ते लांडगे आपल्या शेजारचे.

दुसरा धागा मुलींचा. भारतातील पहिली गाइड कंपनी १९११ मध्ये जबलपूरला सुरू झाली. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होते. वऱ्हाड १९०३ पासून त्याच प्रांताच्या कारभाराला जोडलेला होता आणि आजच्या वाशिम जिल्ह्याचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. म्हणजे देशातील गाइड चळवळीची सुरुवात इथल्याच प्रांतात झाली.

तिसरा धागा एका न्यायाधीशांचा. न्या. विव्हियन बोस हे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि नंतर १९५१ ते १९५६ या काळात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्यांचे निकाल ठाऊक असतात. पण त्यांनी अनेक वर्षे मध्य प्रांतातील स्काऊटचे कामही सांभाळले आणि स्वातंत्र्यानंतर ते देशपातळीवर या चळवळीचे प्रमुख होते. १९४२ मध्ये त्यांना 'सिल्व्हर वूल्फ' हा स्काऊटमधील सर्वोच्च सन्मान मिळाला.

'चारित्र्य' याच शब्दावरून वाद का झाला?

चारित्र्याच्या या चळवळीची भारतातील सुरुवात भेदभावाने झाली. १९०९ मध्ये बंगळुरूत पहिले पथक निघाले, पण ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. भारतीय मुलांना त्यात जागा नव्हती. स्काऊटच्या नियमांत सगळ्यांशी मैत्री सांगितलेली आणि दारावर मात्र रंग पाहिला जाई.

भारतीयांनी यावर नुसता निषेध केला नाही, स्वतःची पथके काढली. १९१३ मध्ये पं. श्रीराम बाजपेयी यांनी शाहजहानपूरला भारतीय मुलांचे पथक सुरू केले. ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन स्थापली. पं. मदनमोहन मालवीय, पं. हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीच्या नावाने स्काऊट संघटना उभी केली. तिचा भर नावाप्रमाणेच सेवेवर होता. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले, तेव्हा बेझंट यांची संघटना मूळ संघटनेत विलीन झाली. सेवा समिती वेगळीच राहिली.

१९३७ मध्ये बेडन-पॉवेल पुन्हा आले. दिल्लीत अखिल भारतीय मेळावा झाला. त्यानंतर त्यांनी भारतीयांच्या भाषेत 'ऑनर'ला शब्दच नाही, अशा आशयाचे उद्गार काढल्याने देशभर संताप उसळला. ज्या चळवळीचा पहिलाच नियम विश्वासार्हतेचा, तिच्या संस्थापकाने एका देशाच्या मुलांबद्दल असे बोलावे, हे अनेकांना सहन झाले नाही. बऱ्याच जणांनी मूळ संघटना सोडली आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट्स असोसिएशन उभी राहिली.

ज्या भाषेत 'शब्द दिला' म्हटले की व्यवहार पक्का होतो आणि 'शब्दाला जागला' ही माणसाची सर्वात मोठी पावती असते, त्या मराठीला तरी हा आक्षेप लागू होत नाही. महत्त्वाचे हे, की दुखावलेल्या लोकांनी पद्धत टाकली नाही. मुलांचे गट, शिबिर, सेवा, वचन हे सगळे त्यांनी ठेवले. फक्त साम्राज्यावरची निष्ठा काढून देशावरची निष्ठा घातली.

स्वातंत्र्यानंतर हे तुकडे एकत्र आणण्यासाठी पं. नेहरू, शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद, तेव्हा नागपुरात राज्यपाल असलेले मंगलदास पकवासा, तसेच कुंझरू, बाजपेयी आणि न्या. बोस यांनी प्रयत्न केले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही संस्था अस्तित्वात आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइडही तीत सामील झाल्या. म्हणून ७ नोव्हेंबर हा आजही तिचा स्थापना दिवस आणि ध्वज दिन आहे. मराठीत एके काळी या मुलांना 'बालवीर' आणि मुलींना 'वीरबाला' म्हणत. घरातील आजी-आजोबांना विचारले तर हे शब्द लगेच आठवतील.

वचन आणि नियम काय आहेत?

स्काऊटच्या वचनाचे तीन भाग आहेत : ईश्वर आणि देशाविषयीचे कर्तव्य, इतरांना मदत आणि स्काऊटच्या नियमांचे पालन. ज्याला 'ईश्वर' म्हणायचे नसेल त्याला त्या जागी 'धर्म' म्हणण्याची मुभा भारतीय संस्थेने ठेवली आहे.

नियम नऊ आहेत. विश्वासू असणे, निष्ठावान असणे, सर्वांचा मित्र आणि प्रत्येक स्काऊटचा भाऊ असणे, विनयशील असणे, प्राणिमात्र आणि निसर्गावर प्रेम करणे, शिस्त पाळणे आणि सार्वजनिक मालमत्ता जपणे, धैर्य बाळगणे, काटकसर करणे आणि विचार-उच्चार-आचार शुद्ध ठेवणे.

ही यादी वाचून नवे काहीच वाटणार नाही. कोणत्याही शाळेच्या भिंतीवर असे सुविचार रंगवलेले असतात. मग वेगळेपण कशात? दोन गोष्टींत. पहिली, वाक्यरचनेत. नियमांत 'खोटे बोलू नका' अशी मनाई नाही. स्काऊट विश्वासू असतो, असे विधान आहे. मुलाला तो काय करू नये हे सांगण्याऐवजी तो कोण आहे हे सांगितले जाते. दुसरी गोष्ट, वचन सगळ्या वर्गाकडून एकदम म्हणवून घ्यायचे नसते. प्रत्येक मुलाने पथकासमोर उभे राहून एकट्याने, स्वतःच्या तोंडून ते घ्यायचे असते. परिपाठात शंभर मुलांनी एका सुरात म्हटलेली प्रतिज्ञा आणि सवंगड्यांच्या डोळ्यांत पाहून दिलेला शब्द, यांत फरक पडतो.

डावा हात, तीन बोटे : या परंपरांचा अर्थ काय?

स्काऊट एकमेकांना डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. याची जगभर सांगितली जाणारी गोष्ट पश्चिम आफ्रिकेतील अशांती योद्ध्यांची आहे. योद्ध्याच्या डाव्या हातात ढाल असते. डावा हात पुढे करायचा तर ढाल खाली ठेवावी लागते. म्हणजे समोरच्यावर पूर्ण विश्वास टाकावा लागतो.

आपल्याकडे या परंपरेला आणखी एक अर्थ आपोआप चिकटतो. डाव्या हाताने प्रसाद घ्यायचा नाही, वाढायचे नाही, पैसे द्यायचे नाहीत, हे लहानपणापासून शिकवलेले असते. तोच हात मैत्रीसाठी पुढे करताना मूल क्षणभर अडखळते. ते अडखळणेच शिकवून जाते, की कुठलाही हात हलका नसतो.

सलामीत मधली तीन बोटे उभी असतात. ती वचनाचे तीन भाग सांगतात. अंगठा वाकून करंगळीवर ठेवलेला असतो. त्याचा अर्थ, मोठ्याने लहानाचे रक्षण करायचे. शाळेत मोठी मुले लहानांना त्रास देतात ही जुनी तक्रार आहे. त्यावर व्याख्यान देण्याऐवजी एक खूण हाताला लावून दिलेली आहे.

स्कार्फही नुसता शोभेचा नाही. हात मोडला तर झोळी, रक्त वाहत असेल तर पट्टी, लांब दोरी लागली तर चार स्कार्फची एक दोरी, असे त्याचे उपयोग शिकवतात. 'तयार' हे स्काऊटचे ब्रीद इथे प्रत्यक्षात येते. २२ फेब्रुवारी हा बेडन-पॉवेल यांचा जन्मदिवस जगभर चिंतन दिन म्हणून पाळला जातो आणि १ ऑगस्टला जुने-नवे स्काऊट दिवसभर स्कार्फ घालून वावरतात.

मग चारित्र्य घडते कशाने?

या चळवळीचे इंजिन म्हणजे गटपद्धत. पथकातील मुलांचे सहा ते आठ जणांचे गट असतात. गटाचा नायक त्यांच्यातलाच एक, साधारण तेरा-चौदा वर्षांचा. शिक्षक थेट प्रत्येक मुलाला सूचना देत नाही. तो नायकांशी बोलतो आणि नायक आपल्या गटाशी. सगळ्या नायकांची मिळून एक सभा असते. पथकाने कुठे जायचे, काय करायचे, कोणाची चूक झाली तर काय, हे ती सभा ठरवते. तिचे नाव 'कोर्ट ऑफ ऑनर', म्हणजे ज्या शब्दावरून १९३७ मध्ये वाद झाला तोच 'ऑनर' इथे मुलांच्या हाती दिलेला असतो.

शिबिरात गटाने आपली चूल स्वतः मांडायची, स्वतः रांधायचे, स्वतःची भांडी घासायची. आज हे साधे वाटेल. शंभर वर्षांपूर्वी, कोणी कोणाच्या हातचे खायचे हे जातीवरून ठरत असताना, एका गटाने एका भांड्यातले खाणे ही साधी गोष्ट नव्हती. आजही अनेक घरांत मुलग्याने ताट उचलून ठेवायचे नसते. त्याच मुलाला शिबिरात कढई घासावी लागते आणि त्याची कढई नीट घासली गेली की नाही हे त्याचाच मित्र तपासतो.

दोरीच्या गाठी आणि बांबूचे बांधकाम हा शिबिरातील मुलांचा आवडता भाग. खिळा न वापरता फक्त दोरीच्या बांधणीने मनोरा, पूल किंवा फाटक उभे करायचे. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक जोडावर भार येतो आणि एक जोड सैल असला की सगळा ढाचा डुलतो. लेखी परीक्षेत पाठ केलेले उत्तर चालते. गाठ मात्र पाठ असून चालत नाही, ती धरली पाहिजे. आपल्या आळसाचा परिणाम दुसऱ्याच्या पायाखाली दिसतो, हे कळायला यापेक्षा थेट धडा नाही.

'खरी कमाई' आणि रोजचे सत्कृत्य म्हणजे काय?

रोज एक चांगले काम करायचे आणि त्याची वाच्यता करायची नाही, हा स्काऊटचा सर्वात जुना रिवाज. काम किती मोठे हे महत्त्वाचे नसते. रस्त्यावरचा दगड बाजूला करणे, म्हाताऱ्या माणसाचा हंडा उचलून देणे, वाहता नळ बंद करणे, यातले काहीही चालते. सवय लागणे हा हेतू असतो.

'खरी कमाई' ही महाराष्ट्रातील शाळांत चांगली रुजलेली परंपरा. मुलांनी स्वतःच्या श्रमाने थोडे पैसे कमवायचे. कोणाचे अंगण झाडायचे, सायकल पुसायची, बूट पॉलिश करायचे, भाजी विकायची. त्यातून दोन गोष्टी कळतात : दहा रुपये मिळवायला किती वेळ लागतो, आणि ज्याला आपण हलके काम म्हणतो ते करणारा दिवसभर काय सोसतो.

अलीकडे अनेक शाळांत 'खरी कमाई महोत्सव' होतो. मुले खाद्यपदार्थांचे ठेले लावतात, पालक येऊन विकत घेतात, फोटो निघतात. त्यात मुले हिशेब शिकतात, बोलायला शिकतात, आनंदही होतो. मात्र भेळ आईने केली, भांडवल वडिलांनी दिले आणि गिऱ्हाईक काका-मावशी असतील, तर त्यात मुलाचे श्रम किती, हे विचारायला हवे. शेतमजुराच्या घरातल्या मुलाला तर कमाई म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. सुट्टीत तो वेचणीला, निंदणीला जातच असतो. अशा मुलाचे घामाचे काम पथकात मानाने मोजले गेले, तर 'खरी कमाई' या शब्दाला अर्थ येतो. ठेल्यासाठी पैसे नाहीत म्हणून तोच मागे उभा राहिला, तर परंपरा उलटी झाली असे समजावे.

सोपान, पुरस्कार, गुण : फायदा की फास?

प्रगतीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. कब-बुलबुल साधारण दहा वर्षांपर्यंत. बुलबुलच्या पायऱ्यांची नावे कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि हीरक पंख अशी आहेत. त्यानंतर स्काऊट-गाइडमध्ये प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला प्रथमोपचार, नकाशा, दिशाज्ञान, गाठी, स्वयंपाक, सेवा यांची चाचणी असते. मोठ्या वयाच्या तरुणांसाठी रोव्हर आणि रेंजर हे विभाग आहेत.

या पुरस्कारांना व्यवहारात किंमत आहे. दहावी-बारावीला खेळाडूंप्रमाणे स्काऊट-गाइडमधील पुरस्कारप्राप्त विद्यार्थ्यांसाठीही सवलतीच्या गुणांची तरतूद आहे. रेल्वे भरतीत स्काऊट-गाइडचा स्वतंत्र कोटा आहे आणि त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कारासारखी पात्रता लागते. ग्रामीण भागातील मुलासाठी हा फायदा छोटा नाही.

अडचण इथेच सुरू होते. ज्या रोजच्या सत्कृत्याची वाच्यता करायची नाही, त्याचीच नोंदवही भरून प्रमाणपत्रासाठी सादर करायची. काम एकाने करायचे, नोंद दुसऱ्याने उतरवायची, असा प्रकार सुरू झाला की पहिला नियम, म्हणजे विश्वासू असण्याचा, पहिल्याच पानावर मोडतो. पुरस्कार ठेवायला हरकत नाही. पण नोंदवही कोण तपासतो आणि कशी, यावर त्याचा कस ठरतो.

सेवा दल, एनसीसी, एनएसएस यांपेक्षा हे वेगळे कसे?

पालकांचा यात नेहमी गोंधळ होतो.

* एनसीसी : १९४८ मध्ये कायद्याने स्थापन. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. शिस्त, कवायत आणि लष्करी प्रशिक्षणावर भर.
* एनएसएस : गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू. मुख्यतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी समाजसेवा.
* राष्ट्र सेवा दल : ४ जून १९४१ रोजी पुण्यात स्थापना. एस. एम. जोशी पहिले दलप्रमुख, साने गुरुजी प्रेरणास्थान. लोकशाही, समता, धर्मनिरपेक्षता ही मूल्ये स्पष्टपणे मांडणारी चळवळ. तिच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे कलावंत घडले.
* श्रीगुरुदेव सेवा मंडळ : राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची चळवळ, केंद्र अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी. सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, मुलांची संस्कार शिबिरे. विदर्भातील खेड्यांना सर्वात ओळखीची.
* स्काऊट-गाइड : शाळेशी जोडलेली, ऐच्छिक, कोणत्याही पक्षाशी संबंध नसलेली. मुलांच्या गटाकडे कारभार सोपवणे हे तिचे वैशिष्ट्य.

यांच्यात वैर नाही. तुकडोजी महाराजांच्या प्रार्थनेला बसणारा मुलगा स्काऊटमध्येही असू शकतो. ग्रामसफाईला दोन्हीकडे झाडूच लागतो.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप जुना आहे : ही चळवळ लष्करी मुशीतून आली, ती मुलांना फक्त आज्ञा पाळायला शिकवते. गणवेश, सलामी, रांग पाहून तसे वाटू शकते. गटपद्धत नीट चालली तर तो आक्षेप टिकत नाही, कारण निर्णय मुले घेतात. मात्र पथक फक्त १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या संचलनापुरते असेल, तर आक्षेप खरा ठरतो.

दुसरा खर्चाचा. शिबिराचा प्रवास, नोंदणी, साहित्य यांचा भार पालकांवर पडतो. तिसरा मुलींच्या सुरक्षिततेचा. मुक्कामी शिबिरासाठी मुलीला पाठवताना आईवडील विचार करतात आणि तो करायलाच हवा. सोबत प्रशिक्षित महिला गाइड शिक्षिका असणे ही पूर्वअट आहे. जगभरच्या गाइड मुलींसाठी असलेल्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी 'संगम' हे केंद्र १९६६ पासून पुण्यात आहे. देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात. आपल्या राज्यातील किती गाइडना ते माहीत आहे, हा प्रश्नच आहे.

चौथा आक्षेप शिक्षकांकडून येतो आणि तो सर्वात वजनदार आहे. दोन-तीन शिक्षकांच्या शाळेत अध्यापन, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, निवडणूक आणि सर्वेक्षणाची कामे यांतून पथकाला वेळ कुठून द्यायचा? गणवेश वरून पाठवता येतो. शिक्षकाचा शनिवार वरून पाठवता येत नाही.

इंझोरीसारख्या गावात पथक सुरू करायचे तर?

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. साधने कमी आहेत, हे खरे. पण पथकाला लागणारे साहित्य बांबू, दोरी, मोकळे रान आणि थोरामोठ्यांचे अनुभव एवढेच आहे. ते खेड्यात शहरापेक्षा जास्त मिळते. दिशा ओळखणे, झाडे ओळखणे, पाऊलखुणा वाचणे हे शहरातील मुलांना शिबिरात शिकवावे लागते. इथल्या अनेक मुलांना ते बांधावरच समजते.

सेवेची संधीही दारात आहे. मानोरा तालुक्यातच बंजारा समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी आहे. रामनवमीला तिथे प्रचंड गर्दी होते. पाणी देणे, हरवलेले मूल आईकडे पोहोचवणे, वृद्धांना वाट दाखवणे ही कामे सेवा समितीच्या स्काऊटनी यात्रा-मेळ्यांत पूर्वीपासून केली आहेत. जिल्ह्यातील पथकांसाठी यापेक्षा मोठे विद्यालय नाही.

पथकाची रीत अशी : शाळेतील एका शिक्षकाने किंवा शिक्षिकेने प्राथमिक प्रशिक्षण घ्यायचे, जिल्हा संस्थेकडे पथकाची नोंदणी करायची आणि मग मुलांचे गट पाडून आठवड्याची सभा सुरू करायची. पुढच्या प्रशिक्षणाची शेवटची मोठी पायरी हिमालयन वूड बॅज ही आहे.

पालकांनी शाळेत काय विचारावे?

* शाळेच्या पथकाची नोंदणी झालेली आहे का?
* प्रशिक्षण घेतलेले शिक्षक कोण? मुलींसाठी शिक्षिका आहेत का?
* गटनायक कोणी निवडले, मुलांनी की शिक्षकांनी?
* पथकाची सभा दर आठवड्याला होते का, की फक्त संचलनाआधी?
* गेल्या वर्षी पथकाने गावासाठी केलेले एक काम कोणते?

या पाचांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनाच विचारावे. शिक्षकांच्या आधी मुलांनीच ते सांगायला सुरुवात केली आणि एकमेकांना मध्येच तोडत आपापला वाटा सांगू लागली, तर त्या शाळेत पथक आहे असे खुशाल समजावे. गणवेश तोवर मिळाला नसला तरी चालेल.